माळकरी आबा कियांतीच्या वाइन इस्टेटीत

आई-आबा पहिल्यांदाच म्युनिकला आमच्याकडे येणार होते आणि मी उत्साहाच्या भरात फोनवर सांगून टाकलं की आपण इटलीला जाऊ, तिथे तोस्काना प्रांतातल्या कियांती भागात एका हजार वर्षं जुन्या वाइन इस्टेटीत राहायचं. पलीकडे शांतता. मग आई म्हणाली, "अगं यांच्या गळ्यात माळ आहे, विसरलीस का?" विसरले नव्हते. पण आबा दिंडोरी तालुक्यातले द्राक्षवाले, जन्म बागेत गेलेला, त्यांना मी रोमचं कलोसियम दाखवून काय करणार होते, ते तिथेही दगडाच्या फटीत कुठला वेल उगवलाय ते बघत बसले असते. मागून आबांचाच आवाज आला, "द्राक्षं बघायची ना, चला. पण ऑक्टोबर छाटणीच्या आत मला घरी सोड."

सप्टेंबरचा शेवट ठरला. आपल्याकडे छाटणीच्या आधीची थोडी उसंत आणि इटलीत नेमकी त्याच वेळी वेंदेम्मिया, म्हणजे द्राक्षतोडणी. आपली द्राक्षं जानेवारी ते एप्रिल, त्यांची सप्टेंबर-ऑक्टोबर. आमच्याकडे वर्षातनं दोन छाटण्या आणि एक पीक, तिथे एकच छाटणी, ती पण थंडीत वेल झोपलेला असताना. हे मी आबांना सांगितलं तर म्हणले "मग बाकी वर्षभर करतात काय?" याचं उत्तर पुढे मिळालं.

दिवस पहिला

म्युनिकहून निघालो पहाटे पाचला. सातशे किलोमीटरच्या आसपास अंतर, ऑस्ट्रियाचं विन्येट, म्हणजे हायवेचा टोल पास, आदल्या दिवशीच घेतलेलं, गाडीत आम्ही चौघं, मी, नवरा, आई आणि आबा, आणि डिकीत आईची पिशवी जिच्यात शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, ठेचा, दशम्या आणि एवढं सगळं कमी पडलं तर म्हणून मेतकूट. ब्रेनर घाटात ट्रकांची रांग लागली आणि दीड तास तिथेच गेला. आबांना कंटाळा नाही, ते खिडकीतून बघतायत. घाट उतरून बोल्झानोच्या खोऱ्यात आलो की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सफरचंद आणि द्राक्षंच द्राक्षं सुरू होतात, आणि तिथे बऱ्याच ठिकाणी वेल अजून मांडवावर आहेत, लाकडी तिरक्या मांडवावर. आबा एकदम सावरून बसले. "हे तर आपल्यासारखंच की गं!" त्यानंतर व्हेरोना येईपर्यंत त्यांनी वाय आकाराचे आधार, मांडव, बांबू, तार, सगळ्याचा हिशोब लावला. नवरा बिचारा आयटीतला, मुंबईचा, तो फक्त हो हो करत होता.

मोदेना, बोलोन्या, मग अपेनाइनच्या डोंगरातले बोगदे, फ्लॉरेन्सला वळसा घालून वाल्दार्नोला हायवे सोडला. मोन्तेवार्कीवरून वर चढणारा रस्ता धरला आणि ओक, चेस्टनटच्या जंगलातनं वळणं घेत घेत, आईला मळमळतंय, आबा झोपलेत, असं करत संध्याकाळी सहाला पोचलो बादिया आ कोल्तिबुओनोला.

बादिया म्हणजे मठ. सन १०५१ मध्ये वाल्लोम्ब्रोसा पंथाच्या साधूंनी हा वसवला, बेनेडिक्टाइन शिस्तीचे लोक. आजूबाजूला जंगल, समोर खोरं, आणि मधे घंटेचा चौकोनी दगडी मनोरा असलेलं सान लोरेन्झोचं जुनं चर्च. कियांतीच्या या वरच्या भागात द्राक्षं लावण्यात या साधूंचा मोठा हात. १८१० मध्ये नेपोलियनच्या राजवटीत मठ बंद झाले, साधूंना बाहेर काढलं, जमीन विकली गेली, आणि १८४६ मध्ये फ्लॉरेन्सच्या ज्युंतिनी नावाच्या घराण्यानं ही इस्टेट घेतली. आज जे स्तुक्की प्रिनेत्ती कुटुंब ती चालवतं ते त्यांचेच वंशज. साधूंच्या ज्या कोठड्या होत्या त्यांच्याच आता पाहुण्यांच्या खोल्या केल्यात. म्हणजे जाड भिंती, लहान खिडकी, खिडकीतून बाग. आईला मी सांगितलं की तुम्ही आज एका साधूच्या खोलीत झोपणार तर तिचा दारूच्या कारखान्याबद्दलचा राग एकदम निम्मा झाला. तिने उदबत्ती काढली. मी हात जोडले, म्हटलं इथे नको, आठ-नऊशे वर्षं जुनं लाकूड आहे. (एवढं जुनं असेलच असं काही नाही, पण आईला थांबवायला आकडा मोठाच लागतो.)

कोल्तिबुओनो हे नाव लॅटिन कुल्तुस बोनी वरून आलं म्हणतात. कुल्तुस म्हणजे शेती पण आणि उपासना पण. हे मी रात्री जेवताना आबांना सांगितलं तर त्यांना त्यात काही नवल वाटलंच नाही. "सावता महाराजांनी काय वेगळं सांगितलंय," म्हणले आणि सूप पुढे ओढलं.

सूप म्हणजे रिबोल्लिता. शिळा पाव, पांढऱ्या शेंगांचे दाणे, काळपट हिरवा लांब पानांचा कोबी, गाजर, सेलरी, सगळं शिजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळलेलं, नावाचाच अर्थ पुन्हा उकळलेलं. मी आधीच तीनतीनदा विचारून घेतलं होतं की यात डुकराची चरबी किंवा मांसाचं पाणी नाही ना. आणि वरून चीज नको म्हणून सांगितलं, कारण परमेसानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं हे मला माहीत आहे आणि आबांना माहीत नाही, आणि ते त्यांना सुट्टीत कळावं अशी माझी इच्छा नव्हती. तोस्कानाच्या पावात मीठच नसतं. आईने एक घास खाल्ला, माझ्याकडे बघितलं, पर्समधनं ठेचा काढला. शेजारच्या टेबलवरचे लोक बघत राहिले. खरं सांगते, बिनमिठाचा भाजलेला पाव, वरून त्यांचं हिरवट तिखटसर ऑलिव्ह तेल आणि ठेचा, हे मी आता घरी पण खाते.

दिवस दुसरा

सकाळी बाग, तळघर आणि मठ बघायची टूर होती. बाग इटालियन पद्धतीची, बॉक्सवूडची कातरलेली कुंपणं, मधे पाण्याचा हौद, बाजूला वेलींचा मांडव. बागेच्या एका कोपऱ्यात लोक पांढऱ्या खुर्च्या मांडत होते, संध्याकाळी कुणाचं तरी लग्न होतं. या असल्या इस्टेटींचा अर्धा संसार आता राहायच्या खोल्या, हॉटेल, टेस्टिंग, लग्नं आणि कुकिंग क्लास यावरच चालतो असं आमची गाईड मुलगी मोकळेपणाने म्हणाली. आबांनी विचारलं, हिला विचार शेतीवर भागत नाही का? ती हसली, खांदे उडवले. आबा मला म्हणले, "म्हणजे इथे पण तेच."

तळघरात थंड, कमानी कमानींचं छत, ओळीने मोठाली लाकडी पिंपं. वास कसला तर ओल्या लाकडाचा आणि काहीतरी आंबट-गोड, जसा गुऱ्हाळाच्या मागे येतो तसा, त्यात थोडं आमसूल. इथे गाईडने गणित सांगितलं. कियांती क्लासिको म्हणजे इथली लाल वाइन, त्यातली साधी निदान १२ महिने थांबते, रिझेर्वा २४ महिने आणि ग्रान सेलेझिओने ३० महिने. कमीत कमी ८० टक्के सांजोवेझे द्राक्ष हवं. २००६ पासून पांढरी द्राक्षं मिसळायला बंदी. आणि मग तिने सहज सांगितलेली गोष्ट ज्याच्यावर आबा दिवसभर अडकून बसले, ती अशी की हेक्टरी साडेसात टनाच्या वर द्राक्ष काढायची परवानगीच नाही.

मी म्हटलं आबा, म्हणजे एकरी तीन टन.

आबांना वाटलं मी चुकीचं भाषांतर केलं. पुन्हा विचारायला लावलं. तीनच. आणि वेलाला जास्त घड लागले तर? तर उन्हाळ्यात हिरवे असतानाच कापून खाली टाकायचे. आबांची थॉमसन एकरी दहा टन निघते, चांगल्या वर्षी वर पण जाते, आणि विरळणी ते पण करतात, मणी काढतात, घड काढतात, पण ते मणी फुगावा, साईज यावी म्हणून, टनेज कमी व्हावं म्हणून कुणी घड टाकलेला त्यांनी ऐकला नव्हता. "कायद्यानं गरीब राहायचं म्हणजे," असं काहीतरी पुटपुटले. मग गाईडने समजावलं की भाव टनाला नाही, बाटलीच्या गळ्यावरच्या काळ्या कोंबड्याला मिळतो, आणि कोंबड्याची किंमत टिकायची तर सगळ्यांनी हात आखडायचा. आबा गप्प झाले, ते गप्प झाले की समजायचं पटलंय पण मान्य करायचं नाहीये.

कोंबड्याची गोष्ट पण सांगायला हवी. फ्लॉरेन्स आणि सिएना यांची सरहद्दीवरून शेकडो वर्षं मारामारी. शेवटी म्हणे असं ठरलं की दोन्हीकडनं पहाटे कोंबडा आरवला की एक एक घोडेस्वार निघेल आणि जिथे भेट होईल तिथे हद्द. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा घेतला, खाऊपिऊ घालून गुबगुबीत केला. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा घेतला आणि उपाशी ठेवला. भुकेनं कळवळलेलं ते पाखरू उजाडायच्या कितीतरी आधी ओरडलं, फ्लॉरेन्सचा घोडा सुटला आणि थेट सिएनाच्या दारात, फोन्तेरुतोलीपाशी, जेमतेम बारा किलोमीटरवर समोरचा भेटला. म्हणून जवळजवळ सगळी कियांती फ्लॉरेन्सची. ही दंतकथा आहे, पण काळा कोंबडा खरा, १९२४ मध्ये राद्दामध्ये ३३ उत्पादकांनी संघ काढला तेव्हापासून तोच शिक्का. आई म्हणाली "उपाशी ठेवलं बिचाऱ्याला." तिला हद्दीचं काही नाही.

मग टेस्टिंग. माझ्यावर गाडी चालवायची पाळी, इटलीत रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅमच्या वर दारू चालत नाही, म्हणून मी घोट घेऊन तोंडात फिरवून थुंकायच्या भांड्यात टाकत होते. आबांचे डोळे मोठे. "एवढ्या महागाचं थुंकतात?" नवऱ्याने मात्र काही वाया जाऊ दिलं नाही. आबांनी ग्लास नाकाशी धरला, माळेला हात लावला, वास घेतला. पहिला म्हणाले आमसूल. दुसरा रिझेर्वा होता, बराच वेळ हुंगून म्हणाले "जांभळाची बी, आणि पावसाळ्यात गोठ्यातलं लाकूड भिजतं तसं." मी गाईडला भाषांतर करून सांगितलं, तिने वहीत लिहून घेतलं, खोटं नाही सांगत. मी स्वतः प्यायले तेव्हा मला तरी पहिल्यांदा फक्त तुरटपणा लागला, सुपारी चघळल्यावर जीभ आकसते ना तसा, आणि मग मागून आंबट चेरी. सांजोवेझे मुळातच आंबट आणि तुरट द्राक्ष, नुसतं प्यायला मला फार नाही आवडलं, पण पावावरचं तेल आणि टोमॅटो खाल्ल्यावर पुढचा घोट घेतला तर एकदम गोड वाटला. तर ही जेवणाबरोबरची वाइन आहे, आपण घरी पार्टीत वेफर्सबरोबर उघडतो ते चुकतं.

शेवटी विन सान्तो आली, छोट्या ग्लासात, सोनेरी. ही कशी करतात तर त्रेब्बियानो आणि माल्वासियाची पांढरी द्राक्षं तोडून माळ्यावर टांगून किंवा चटयांवर पसरून काही महिने सुकवतात, मग दाबून जो घट्ट रस निघतो तो लहान पिंपांत बंद करून त्याच माळ्यावर, उन्हाळ्याची गरमी थंडीचा गारठा खात वर्षानुवर्षं ठेवतात. मी एवढं सांगेपर्यंत आबा ओरडले, "अगं म्हणजे बेदाणाच की!" आणि त्यांनी त्या मुलीला, मराठीतच, हातवारे करून तासगावचं बेदाण्याचं शेड, जाळ्या, डिपिंग ऑइल सगळं सांगितलं. तिला काय कळलं देव जाणे, पण ती सी, सी म्हणत होती. आईने बदामाचं कडक बिस्किट, कान्तुच्ची, त्यात बुडवून खाल्लं. आबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. आई म्हणाली औषधासारखं आहे, आणि दुसरं बिस्किट घेतलं.

दुपारी आईचा कुकिंग क्लास. इथे लोरेन्झा दे मेदिची बाईंनी ऐंशीच्या दशकात स्वयंपाकाची शाळा काढलेली, ती फार गाजली. आज पिची करायची होती, म्हणजे नुसत्या पीठ-पाण्याची हाताने वळून केलेली जाड शेवई. सगळे अमेरिकन, जर्मन लोक पिठाशी झुंजतायत आणि आमच्या आईने तळहाताखाली एका लयीत वळायला सुरुवात केली. उन्हाळ्यात आजीबरोबर बसून वळवट केलेली बाई ती, बोटवे, मालत्या, नखोल्या, सगळं येतं. शिकवणाऱ्या बाईंनी थांबून बघितलं आणि आईला हाताला धरून मधे आणलं. आईने त्यांना नखोल्या करून दाखवल्या, नखाने चिमटा काढून. त्या रात्री आईची झोप उडालेली, आनंदाने.

दिवस तिसरा

कोल्तिबुओनोच्या बागा मठाजवळ नाहीतच, मठ उंचावर आणि थंड, बागा दक्षिणेला खाली मोन्तीला. आज तिकडे. पांढऱ्या धुळीचे रस्ते, स्त्रादे बियांके. जीपीएसने आम्हाला अशा रस्त्याला घातलं की जिथे ट्रॅक्टर समोर आला आणि मला दोनशे मीटर उलटं यावं लागलं. ट्रॅक्टरवाल्याने शिव्या दिल्या असाव्यात, पण इटालियनमध्ये असल्यामुळे गाण्यासारख्या वाटल्या. गायओले गावातून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी एरोइका नावाची जुन्या सायकलींची फेरी निघते, १९९७ पासून, याच धुळीच्या रस्त्यांवरून, जुनी सायकल, जुने लोकरीचे कपडे. त्याची तयारी गावात दिसत होती. नवरा म्हणाला आपण आठवडाभर थांबू. आबा म्हणाले छाटणी. विषय संपला.

बागेत तोडणी चालू. हाताने तोडून छोट्या क्रेटमध्ये. वेल कमरेएवढे, तारांवर सरळ रांगेत, मांडव नाही, घड जमिनीपासून जेमतेम दोन-अडीच फुटांवर. घड लहान, मणी बारीक, निळे-काळे, आत बी. आबा वाकले, माती उचलली. गालेस्त्रो म्हणतात, पाटीसारखा थराथराचा ठिसूळ दगड, हाताने चुरा होतो. "यात काय उगवणार," म्हणले आणि मग स्वतःच, "म्हणून तीन टन."

शेतावरच्या माणसाने, चाळिशीतला असेल, त्यांना एक घड कापून दिला. आबांनी एक मणी तोंडात टाकला, आणि मग खिशात हात घालून, मला खरंच कल्पना नव्हती, रिफ्रॅक्टोमीटर काढला, रसातली साखर मोजायचा. दिंडोरीहून आणलेला. एअरपोर्टच्या सिक्युरिटीतनं कसा आला माहीत नाही. मणी काचेवर पिळला, उजेडाकडे धरून बघितलं, "तेवीस." आपल्याकडे साखर ब्रिक्समध्ये मोजतात, खायच्या द्राक्षाला सोळा, अठरा ब्रिक्स आली की व्यापारी गाडी लावतो. त्या माणसाने रिफ्रॅक्टोमीटर मागितला, बघितला, मनात हिशोब केला आणि म्हणाला, "दिचानोव्हे ए मेद्झो बाबो."

आबा: "बाबो?"

तो: "सी, सी, बाबो!"

आता त्याला काय माहीत आपल्याकडे बाबो कधी म्हणतात. इटलीत द्राक्षरसातली साखर बाबो डिग्रीत मोजतात, बाबो नावाच्या ऑस्ट्रियन माणसाच्या नावावरून, आणि आपला तेवीस ब्रिक्स म्हणजे त्यांचा साडेएकोणीस बाबो होतो. हे मला त्याने नंतर समजावलं. तोपर्यंत आबा आणि तो दोघं एकमेकांना बाबो बाबो म्हणत हसत होते आणि मला कुणी विचारतच नव्हतं.

त्यानंतर त्यांना माझी गरजच लागली नाही. आबा पानावरच्या बुरशीच्या डागावर बोट ठेवायचे, "डाऊनी?" तो पानाची खालची बाजू उलटून म्हणायचा "पेरोनोस्पोरा". आबा म्हणायचे "भुरी", तो म्हणायचा "ओइदियो". हे सेंद्रिय शेत, इथे फवारणी तांबं आणि गंधकाचीच, आणि तांब्याला पण युरोपात मर्यादा, सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. म्हणजे शेवटी बोर्डो. आबांना बोर्डो शब्द ऐकून भारी वाटलं, दिंडोरीतनं निघून इथे पोचलो तरी मोरचूद आणि चुनाच. आणि खुंट? इथले वेल पण कलमाचे, फायलोक्सेरा किडीनं एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागा खाल्ल्या त्यानंतर सगळं अमेरिकन मुळांवर. आमचा डॉगरिज खुंट पण टेक्सासचाच. आबा म्हणले, "वरचं आपापलं, खालचं दोघांचंही उसनं."

मी त्यांना सांगितलं की आबा, हेच सांजोवेझे आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यात अकलूजला आहे, फ्राटेलीवाल्यांनी लावलंय, फ्राटेली म्हणजे भाऊ, आपल्याकडचे आणि इटलीतले भाऊ मिळून काढलेली कंपनी आणि त्यांचे वाइनमेकर पिएरो मासी हे इथलेच, कियांतीतले. मला वाटलं खूश होतील. ते काही बोललेच नाहीत. रांगेच्या टोकाला एक म्हातारा वेल होता, बुंधा मांडीएवढा, तिथे जाऊन उभे राहिले.

मी नववीत होते तेव्हा आबांनी आणि शेजारच्या बाळूकाकांनी मिळून दीड एकर वाइनची द्राक्षं लावली होती. तेव्हा नाशकात लाटच होती, वायनऱ्या निघत होत्या, करार होत होते. मग २००८ नंतर मंदी आली, वाइन पडून राहिली, आणि ज्या वायनरीने करार केला होता तिने द्राक्षं उचलायलाच नाही म्हटलं. वाइनचं द्राक्ष बाजारात विकता येत नाही, कोण खाणार बारीक मणी, आत बी. दोन हंगाम वाट बघितली. मग जेसीबी न बोलावता आबांनी स्वतः कुऱ्हाडीनं तोडली. त्याच सुमारास, २०१० साली, क्लोरमेक्वाट नावाच्या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपनं आपली एक्सपोर्टची द्राक्षं अडवली, म्हणजे तो दुसरा फटका. माळ त्यांच्या गळ्यात त्यानंतरच्या आषाढीला आली. हे सगळं मला आईकडून तुकड्यातुकड्यात कळलेलं आहे, आबा स्वतः कधी बोललेले नाहीत.

त्या वेलापाशी उभे राहून त्यांनी मला एकच विचारायला लावलं. याला विचार, गारपीट झाली, पीक गेलं, तर त्या वर्षी काय करतो. तो म्हणाला, वाईट वर्षी रिझेर्वा करत नाही, सगळं साध्या बाटलीत जातं, आणि तळघरात मागच्या वर्षांचं पडलेलं असतं ते विकतो. आबा म्हणले, "पडलेलं असतं. आपल्याकडे पडून राहिलं की कुजतं." हे मी भाषांतर नाही केलं.

दिवस चौथा

सकाळी कास्तेल्लो दी ब्रोलिओ. गायओलेच्याच हद्दीत, मठापासून पंधराएक किलोमीटरवर. रिकासोली घराण्याकडे ११४१ पासून. ११४१! आमच्या सातबाऱ्यावर पणजोबांच्या वर नाव नाही. किल्ला बघायला सुंदरच, जाड दगडी तटबंदी खरी जुनी आणि आत लाल विटांचा महाल एकोणिसाव्या शतकात गॉथिक नक्कल करून बांधलेला, ज्यामुळे मला तो किंचित सिनेमाच्या सेटसारखा वाटला. तटावरून मात्र डोळे फिटतात. खाली बागाच बागा, लांब क्षितिजावर सिएनाचा मनोरा.

हा किल्ला ज्याच्यामुळे प्रसिद्ध तो बेत्तिनो रिकासोली, १८०९ ते १८८०, लोखंडी बॅरन म्हणायचे. पहिला पंतप्रधान कावूर वारला तेव्हा १८६१ मध्ये एकसंध इटलीचा दुसरा पंतप्रधान झाला, १८६६ ला परत झाला. पण त्याचं नाव इथे घेतात ते वाइनच्या रेसिपीसाठी. १८७२ मध्ये पिसा विद्यापीठातल्या प्रोफेसर स्तुदियातींना त्याने पत्र लिहिलं की बरीच वर्षं प्रयोग करून मी ठरवलंय, वास आणि जोर सांजोवेतोचा, म्हणजे सांजोवेझेचा, त्याचा कडकपणा मऊ करायला कानायोलो द्राक्ष, आणि माल्वासिया फक्त लगेच प्यायच्या वाइनमध्ये, साठवायच्यात नको. हीच कियांती. पुढे लोकांनी स्वस्तात भागवायला पांढरी द्राक्षं भरपूर ओतली, गवताने विणलेल्या गोल बुडाच्या बाटल्या जगभर पिझ्झाच्या दुकानात लटकल्या आणि कियांतीचं नाव पातळ झालं. म्हणजे म्हातारा बरोबर होता. या घराण्याचा वाइनचा धंदा पण मधे परदेशी दारू कंपनीकडे गेला होता, १९९३ मध्ये फ्रान्चेस्को रिकासोलींनी, जे तोपर्यंत फोटोग्राफर होते, तो परत हातात घेतला.

पंतप्रधान झालेला माणूस द्राक्षांचे प्रयोग करायचा, हे ऐकून आबा त्याच्या थडग्यापाशी, तिथल्या छोट्या सान याकोपो चॅपेलमध्ये, चप्पल काढून उभे राहिले. चॅपेलमधल्या सोनेरी मोझेकखाली पायमोजात उभे आबा, असा फोटो आहे माझ्याकडे. बेत्तिनोचं भूत पौर्णिमेला घोड्यावरून फिरतं म्हणतात. आईने लगेच कॅलेंडर बघितलं.

दुपारी सिएना. पियाझ्झा देल काम्पो शिंपल्यासारखं उतरतं, बसलो, आइस्क्रीम खाल्लं, कॅथेड्रलची काळी-पांढरी खांबं बघितली, आईचे पाय दुखले, परत. गाडी गावाबाहेरच लावा, आत झेडटीएल, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग असतो, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड घरी येतो. मागच्या वेळी फ्लॉरेन्सला आम्ही तो भरलेला आहे म्हणून सांगते.

संध्याकाळी मठाच्या दुकानात नवऱ्याने सहा बाटल्या आणि तेलाचा डबा घेतला. पैसे देताना काउंटरवर सातवी बाटली होती. मी म्हटलं ही कुणाची? आबा म्हणाले, "माझी." रिझेर्वा. नोटा मोजून स्वतःच्या पाकिटातून दिले, मला देऊ दिले नाहीत.

दिवस पाचवा

परत. ब्रेनरला पुन्हा तीच रांग. आईने राहिलेला पाव आणि तळाचा ठेचा काढला. ती बाटली तिने आधीच दोन साड्यांच्या मधे गुंडाळून बॅगेत ठेवली होती, आता विचारत होती की कुणासाठी घेतली, मुंबईला कस्टममध्ये काय सांगायचं. आबा फोनवर. तिकडे दिंडोरीत सकाळपासून पाऊस, मजूर टोळी पाच तारखेला येते म्हणतेय, जमीन ओली असताना छाटायचं की थांबायचं. "थांब दोन दिवस, डाऊनी येईल," म्हणले. मग जरा थांबून, "बाळूला सांग मी आल्यावर घरी ये म्हणून. नाही, काम नाही काही. ये म्हणावं."

रांग दहा मीटर सरकली.